दर्या बंद, घाट बंद आणि आपली आगोट

(सामुदायिक रेडिओवर मे महिन्यात झालेलं भाषण)



मे संपत आलाय. अंगणात सांडगे-पापड वाळत असतील, आमसुलांना शेवटची पुटं देऊन झाली असतील, लाकूडफाटा पडवीत रचला असेल. कुळीथ, मीठ, मिरची, सुकट भरून ठेवायची घाई चालू आहे. पावसाच्या आधी घर भरून घ्यायचं, याला आपण आगोट म्हणतो. आज मी आगोटीबद्दलच बोलणार आहे. पण सुरुवात मात्र गेल्या पावसाळ्यातल्या एका बोर्डापासून करते.

गेल्या जुलैमध्ये आमच्या गटाने वाडीजवळच्या धबधब्याच्या वाटेवर भजी, चहा आणि भाजलेल्या कणसांचा स्टॉल टाकला. गटातूनच अंतर्गत कर्ज घेतलं. दोन रविवार चांगले गेले. मुंबई-पुण्याच्या गाड्या येत होत्या, भजी पुरत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी बोर्ड लागला. धबधब्याकडे जाण्यास सक्त मनाई. शनिवारी पोलीस उभे राहिले आणि गाड्या मागे फिरल्या. बेसनाचं पोतं आणि तेलाचे डबे आमच्या घरात तसेच पडून राहिले.

त्या महिन्याच्या बैठकीत मोठा वाद झाला. एक वहिनी म्हणाल्या, "हा आपल्या पोटावर पाय आहे." दुसरी म्हणाली, "इतकी वर्षं झाली, आपल्या धबधब्याने कुणाला ओढून नेलेलं नाही. बंद कशाला?" आमच्या गटात एक काकी आहेत, त्यांचं माहेर हर्णै बाजूच्या कोळीवाड्यातलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगो बाय, आमच्याकडे दर्या दर वर्षी बंद व्हायचा. कोण रडत नव्हतं. आगोट भरलेली असायची ना!"

मी बी.ए. ला इतिहास घेतला होता. राजे, लढाया, सनावळ्या पाठ केल्या. पण वाट बंद असण्यालासुद्धा इतिहास असतो, हे मला त्या दिवशी काकींनी शिकवलं. तो इतिहास मी नंतर थोडा शोधला. तो तुम्हाला सांगावा, आणि त्यातून आपल्या गटांना काय घेता येईल ते बघावं, म्हणून आजचं बोलणं.

आधी दर्यापासून सुरुवात करू. आपल्या किनाऱ्यावर पाऊस सुरू झाला की होड्या वर ओढून शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच पुन्हा पाण्यात लोटायच्या, ही रीत फार जुनी आहे. त्यासाठी कुणाची नोटीस लागत नसे. दर्या खवळलेला असतो हे एक कारण, आणि हे मासळीच्या विणीचे दिवस हे दुसरं. आज हीच रीत कायद्यात आली आहे. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. लहानपणी काकींच्या घरी या दिवसांत काय असायचं? सुकट, सुके बोंबील, खारवलेली मासळी, मडक्यात तांदूळ. बायकांनी एप्रिल-मे मध्ये उन्हात राबून बंदीचे दिवस आधीच विकत घेतलेले असायचे, असंच म्हणायला हवं.

प्रवासाच्या बोटींचंही तसंच. कोकण रेल्वे नव्हती, मुंबई-गोवा रस्ता धड नव्हता, तेव्हा चाकरमानी बोटीने येत. हर्णै, जयगड, मुसाकाजी, विजयदुर्ग अशी बंदरं घेत आगबोट जायची. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून चढायची-उतरायची. पावसाळा आला की ही बोट बंद. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजूनही येतं, "बोट बंद व्हायच्या आधी आलो" किंवा "बोट सुरू झाली तेव्हा गेलो." जणू कॅलेंडरच.

आता जमिनीकडे येऊ. दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत. सुरुवातीची लेणी बौद्ध भिक्षूंची. भिक्षूंनी पावसाळ्याचे महिने फिरायचं नाही, एका जागी राहायचं, असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणत. जैन साधू-साध्वी आजही चातुर्मासात एका गावी थांबतात. आपल्या घरातही आषाढी ते कार्तिकी चातुर्मास पाळला जातो. धर्म वेगवेगळे, पण पावसाळ्यात वाट तुडवू नये यावर सगळ्यांचं एकमत. त्यात व्यवहार होता. नद्यांना पूल नव्हते, घाटवाटा निसरड्या, बैलांचे तांडे चढू शकत नसत. व्यापारी थांबत, सैन्यंही थांबत. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्यानंतर निघत. आपण सोनं वाटतो ते सीमोल्लंघन म्हणजे एका अर्थाने वाटा खुल्या झाल्याचा दिवस.

म्हणजे बघा, आपल्या वर्षात दोन कुलपं होती आणि त्यांच्या दोन किल्ल्या. दर्याची किल्ली नारळी पौर्णिमा, घाटाची किल्ली दसरा.

पण हे सांगताना मी जुन्या काळाचे गोडवे गाणार नाही. वाट बंद म्हणजे अडलेल्या बाळंतिणीलाही वाट बंद. ओढ्याला पाणी चढलं की सुईणसुद्धा पलीकडेच राहायची. आजारी माणसाला डोलीत घालून चिखलातून न्यायचे आणि कधी कधी ते वाटेतच जायचं. रस्ते झाले, पूल झाले, एसटी वाडीपर्यंत आली, ते आपल्या भल्याचंच झालं. बंद वाट खुली करणं हीसुद्धा माणसाचीच गरज होती. अडचण एवढीच झाली की वाट खुली झाली, पण पाऊस होता तसाच राहिला. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चारच महिन्यांत.

याची पहिली मोठी किंमत आपल्या किनाऱ्याच्या माणसांनी १७ जुलै १९४७ ला मोजली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढातली अमावास्या होती. कोकणातल्या दूरच्या बंदरांची बोट पावसाळ्यात बंद असली तरी मुंबई बंदरातली भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी जवळची फेरी चालू असे. त्या दिवशी 'रामदास' ही बोट सकाळी निघाली. सणासाठी घरी जाणारी माणसं होती. वारा-पाऊस वाढला, बोट एका बाजूला कलली, माणसं घाबरून एकाच बाजूला धावली आणि काशाच्या खडकाजवळ बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. अवघ्या काही मैलांवर मुंबई, पण बोटीवरून बातमी पाठवायची सोय नव्हती. पोहत निघालेली माणसं किनाऱ्याला लागली तेव्हा मुंबईला कळलं. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून अनेकांचे जीव वाचवले. आजही गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच पावसाळ्यात बंद ठेवतात.

दुसरं उदाहरण आपल्या रेल्वेचं. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि आपल्याला वाटलं, आता पावसाळा काय करणार? मग २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर दरड आली आणि गाडी घसरली. पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जून २००४ ला महाडजवळ करंजाडीला दुसरी गाडी घसरली. तुम्ही जूनमध्ये तिकीट काढता तेव्हा गाड्यांची पावसाळी वेळ वेगळी असते ना? गाडी हळू जाते म्हणून आपण कुरकुर करतो. एवढी मोठी लोखंडी गाडी, तीसुद्धा पावसाचा मान राखून चालते. मग आपण रिक्षाने, टेम्पोने, चपला घालून डोंगरात जाणारी माणसं कोण?

आता येते आजची गोष्ट, सहलीची. आपल्या आज्या पावसात जायच्या त्या लावणीला. पाऊस बघायला कोणी जात नव्हतं. डोक्यावर इरलं, कमरेएवढा चिखल, त्यात मजा कसली? पावसाळी सहल ही अगदी अलीकडची गोष्ट. रस्ता झाला, गाडी आली, रविवारची सुट्टी आली आणि हातात फोन आला. मजा करण्यात वाईट काही नाही. बायकांनी तर घराबाहेर पडावंच. आमच्या गटातल्या कितीतरी जणी लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने फिरल्या त्या गटाच्याच सहलीत. म्हणून तर हे बोलायला हवं.

२८ जुलै २०१८, शनिवार. दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी बसने महाबळेश्वरला सहलीला निघाले. आंबेनळी घाटात बस शेकडो फूट खोल दरीत गेली. तीस जण गेले, एकच वाचला. तोच दरीतून वर चढून आला आणि त्याने कळवलं. दापोलीतली कितीतरी घरं त्या दिवशी एकदम रिकामी झाली.

३० जून २०२४, रविवार. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभं होतं. पाणी वाढत गेलं आणि आपण सगळ्यांनी ते फोनवर बघितलं. पाच जण गेले. त्याच्या पुढच्याच रविवारी, ७ जुलैला, रायगडावर इतका पाऊस झाला की पायऱ्यांवरूनच धबधबा वाहू लागला. लोक कठड्याला धरून जीव मुठीत घेऊन उभे राहिले. त्यानंतर गड पर्यटकांसाठी बंद केला. १५ जून २०२५, पुन्हा रविवार. पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. तो पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लावलेला होता.

ही यादी भीती घालायला वाचली नाही. यात एक गोष्ट सारखी दिसते. वार बघा. शनिवार, रविवार, रविवार, रविवार. लावणीला जाणारी बाई पाऊस बघून दिवस ठरवते. सहलीला जाणारा माणूस सुट्टी बघून दिवस ठरवतो. पावसाला सुट्टी कळत नाही. जुन्या माणसांकडे आणि आपल्याकडे मुख्य फरक आहे तो इथे.

आता पाणी नेमकं कसं दगा देतं तेही समजून घेऊ, म्हणजे बोर्ड कशासाठी असतो ते पटेल. धबधब्याचं पाणी आपण उभ्या असतो तिथल्या पावसाचं नसतं. ते वरच्या सड्यावरचं असतं. वर धो धो कोसळलं आणि खाली ऊन पडलेलं असलं, तरी थोड्या वेळाने लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा नि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जड झाला, तर फोटो सोडून आधी बाहेर पडायचं. मधल्या खडकावर थांबायचं नाही. गुडघ्याएवढं वाहतं पाणीसुद्धा माणसाला उभं राहू देत नाही.

दरडीचं तसंच. दिवसेंदिवस पाऊस मुरला की वरची माती आणि जांभा पाणी पिऊन जड होतात, खालच्या कातळावरून घसरायला तयार होतात. म्हणून जास्त भीती पहिल्या सरीला नसते, सलग तीन-चार दिवसांच्या झडीनंतर असते. डोंगराला नवी भेग दिसली, झाडं किंवा खांब कलले, नेहमीच्या झऱ्याचं पाणी गढूळ झालं किंवा एकाएकी आटलं, बारीक दगड गडगडू लागले, तर तिथून निघायचं आणि ग्रामपंचायतीला कळवायचं. हे सहलीला जितकं खरं तितकंच आपल्या वाडीलाही.

समुद्राचं तुम्हाला मी काय सांगावं? खाडीत कालवं, मुळे काढायला जाणाऱ्या आपल्या बायकांना घड्याळाशिवाय भरती कळते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हा अंदाज आहे, थोडा पुढे-मागे होतो, पण पाहुण्यांना एवढंही माहीत नसतं. पावसाळ्यात लाटेपेक्षा परतीच्या पाण्याची ओढ वाईट. वर पाणी शांत दिसतं आणि पायाखालची वाळू सरकते. त्यात कोणी सापडलंच तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नये, दम संपतो. ओढीतून आधी आडवं बाहेर पडावं, किनाऱ्याला समांतर, आणि मग आत यावं. पोहता न येणारीने पाण्यातच जाऊ नये, हे सगळ्यात बरं. आणि कोणी बुडताना दिसलं तर हातात हात धरून साखळी करून शिरू नका. वाचवायला गेलेलेच बुडतात, असं पुन्हा पुन्हा घडलंय. दोरी टाका, गाठ मारलेल्या साड्या टाका, झाकण लावलेला रिकामा कॅन टाका. आमच्या गटाच्या सहलीत आता दोरी आणि दोन रिकामे कॅन असतातच.

आता बोर्डाबद्दल. आपल्याला वाटतं कुणी साहेबाने मनात आलं म्हणून लावला. तसं नसतं. २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असतं आणि जिल्हाधिकारी त्याचे प्रमुख असतात. धोक्याच्या जागी जायला-यायला बंदी घालण्याचा अधिकार त्यांना आहे. तो आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हवामान खात्याचे रंगही ध्यानात ठेवा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा, सुरक्षित जागी जा. चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरच्या पुढे गेला की जोरदार पाऊस, आणि दोनशे चारच्या पुढे गेला की अत्यंत जोरदार. लाल रंग असताना सहल पुढे ढकलायची, यावर बैठकीत मतदानसुद्धा घेऊ नका.

आणि आमच्या त्या वहिनींचा प्रश्न? "काहीच झालं नाही, मग बंद कशाला?" गेल्या पावसाळ्यात आमच्या धबधब्यावर खरंच काही झालं नाही. ऑगस्ट सरला, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तेव्हा त्यांनी मला पुन्हा सुनावलं, "बघ बाय, उगाच बुडवला ना धंदा?" मी काकींकडे बघितलं. काकी म्हणाल्या, "दर जून-जुलैला दर्यात वादळ होतंच असं नाही. म्हणून आमच्या बापाने होडी लोटली नाही कधी. लोटली असती नि परत आला असता, तरी पुढच्या वर्षी पुन्हा लोटली असती. एका वर्षी आला नसता." वहिनींना ते पटलं असं मी म्हणणार नाही. त्यांचं नुकसान खरं होतं. हप्ता आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर होता.

म्हणूनच मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं ते सांगते. जुनी बंदी आणि नवी बंदी यांत फरक आहे. दर्या बंद होणार हे सगळ्यांना आधी माहीत असे. तारीख माहीत, कारण माहीत, खुला कधी होणार तेही माहीत. आणि त्या दिवसांसाठी घरात आगोट भरलेली असे. आजची बंदी अनेकदा शुक्रवारी संध्याकाळी येते. किती दिवस ते कळत नाही. आणि स्टॉलवाली, होमस्टेवाली, रिक्षावाला, कुणाकडेच आगोट नसते. मग रागाने माणसं बोर्डाच्या बाजूने चोरवाट दाखवतात. शंभर रुपयांसाठी कुणाच्या तरी पोराचा जीव जातो आणि गावाचं नावही जातं.

आगोट भरता येते याचा दाखला सरकारच्याच एका योजनेत आहे. मासेमारी बंद असते त्या काळासाठी केंद्राच्या योजनेत मच्छीमाराने वर्षभरात दीड हजार रुपये साठवायचे, सरकारने तीन हजार घालायचे आणि बंदीच्या महिन्यांत ते साडेचार हजार त्याला परत मिळायचे, अशी सोय केलेली आहे. रक्कम छोटी आहे. पण विचार बघा, तो आपल्या बचत गटाचाच विचार आहे. बंद होणारच आहे, तर आधी साठवा.

तेव्हा आम्ही काय केलं? मार्चच्या ग्रामसंघाच्या सभेत आम्ही ग्रामपंचायतीकडे तीन गोष्टी लेखी मागितल्या. एक, धबधबा बंद करायचा तर शक्यतो जूनमध्येच तारखा सांगा. दोन, बोर्डावर कारण लिहा, नुसतं 'सक्त मनाई' नको. पाणी कुठून येतं, माणूस कसा अडकतो ते लिहा. तीन, बंदीच्या काळात स्टॉलला मुख्य रस्त्यावर सुरक्षित जागा द्या, जिथून गाड्या जातात पण पाण्यात कोणी उतरत नाही. पहिल्यावर उत्तर अजून आलेलं नाही. तिसऱ्याला तोंडी होकार आहे. बोर्डाचा मजकूर आमच्यावरच सोपवला आहे. तो आमच्या गटातल्या बारावीच्या मुलीने लिहिला आहे.

दुसरं, बंदी कुणाला आहे ते नीट वाचायला शिका. खेड तालुक्यात खोपीहून रघुवीर घाट साताऱ्याच्या कांदाटी खोऱ्यात चढतो. दरडींमुळे अनेक वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये तो पर्यटकांना बंद करतात. पण वरच्या गावांना दवाखाना, बाजार यासाठी खेडलाच यावं लागतं. फिरायला येणाऱ्याची बंदी वेगळी आणि राहणाऱ्याची गरज वेगळी. आपल्या वाडीची वाट बंद होत असेल तर आजारी माणसाला, गरोदर बाईला कुठून काढायचं, हे ग्रामसभेत आधीच ठरवून घ्या. जुन्या काळी वाट बंद झाली की बाळंतीण मरायची. ते पुन्हा होता कामा नये.

तिसरं, आमची स्वतःची आगोट. या वर्षी आम्ही धबधब्यासाठी कर्ज काढलेलं नाही. एप्रिल-मे मध्ये आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, कुळथाचं पीठ केलं. ते आठ दिवसांत खराब होत नाही. धबधबा बंद झाला तर एसटी स्टँडवर विकू, तिथे नाही खपलं तर गणपतीत चाकरमान्यांना विकू. भज्यांइतका नफा यात नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण शुक्रवारच्या एका बोर्डाने हे बुडणार नाही. शिवाय दर महिन्याच्या बचतीतले प्रत्येकी दहा रुपये 'बंदीचे पैसे' म्हणून वेगळे ठेवायला लागलो आहोत.

आणि सहल? सहल रद्द नाही. तारीख बदलली आहे. रायगडाला जायचं ठरलं होतं जुलैत, आता दसऱ्यानंतर जाणार. तेव्हा वाटा कोरड्या असतात, गड हिरवा असतो आणि सीमोल्लंघनही होतं. चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान बघायची पुष्कळ जणींची इच्छा आहे. त्याचा काही भाग आपल्या जिल्ह्यात येतो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं ते जंगल पावसाळ्यात पर्यटकांना बंदच असतं. तेही हिवाळ्यावर ढकललं आहे. पावसाळ्यात जायचंच असेल तर पन्हाळेकाजीसारखी जागा, तीही पाऊस उघडलेला दिवस बघून आणि नदीत न उतरता.

निघण्याआधी तुमच्या गटाने चार गोष्टी कराव्यात. एक, जिथे जायचं तिथल्या ग्रामपंचायतीला किंवा पोलीस ठाण्याला आदल्या दिवशी फोन करा, वाट चालू आहे का विचारा. दोन, सकाळी हवामानाचा रंग बघा. फोन असलेल्या एकीने 'सचेत' आणि विजेसाठी 'दामिनी' ही ॲप घेऊन ठेवावीत. तीन, किती जणी, कुठे, कधी परत, हे गावात एकीला सांगून ठेवा. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७, पोलिसांचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८, हे तिन्ही आकडे वहीत लिहून घ्या, कारण डोंगरात फोनची बॅटरी संपते. चार, परत फिरायचं कुणी ठरवायचं ते घरूनच ठरवून जा. आमच्याकडे ते काकी ठरवतात. त्या "चला" म्हणाल्या की भाडं वाया गेलं तरी चालेल, टेम्पो वळवायचा.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या गावात पावसाळ्यात कोणकोणती वाट, साकव, धबधबा, किनारा बंद करावा लागतो, आणि तो बंद झाला की कुणाच्या चुलीवर परिणाम होतो, याची यादी करा. म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम विचारा. कुठे कधी पाणी चढलं होतं, कुठली दरड कुठल्या साली आली होती, हे कुठल्याच फाइलमध्ये नसतं. ते त्यांच्या बोलण्यात असतं. ते लिहून ठेवलंत तर तो तुमच्या गावाचा इतिहासच होईल.

वहिनींनी यंदा आंबापोळी सगळ्यांपेक्षा जास्त केली आहे. धबधब्याबद्दल त्यांचं मत अजून बदललेलं नाही. बैठकीत तो वाद यंदाही होईल. होऊ दे.

आगोट भरून घ्या, मैत्रिणींनो. नमस्कार.